नाताळात घरी टेलिस्कोप येतोय? नाशिककरांसाठी पहिल्या आठवड्याची वाटचाल

दर वर्षी जानेवारीचा दुसरा आठवडा उजाडला की मला दोन-चार फोन येतात. "काका, नाताळच्या सुट्टीत मुलीला टेलिस्कोप घेतला, पण त्यातून काहीच दिसत नाही हो." मी शक्य तितक्या घरी जाऊन येतो. बहुतेक वेळा टेलिस्कोप ठीकठाक असतो. कुठे फाइंडर (नेम धरायची छोटी नळी) जुळवलेला नसतो, कुठे सगळ्यात मोठं करून दाखवणारा आयपीस (डोळा लावायचं छोटं भिंग) पहिल्याच रात्री लावलेला असतो, कुठे थंडी नको म्हणून बंद खिडकीच्या काचेतून बघितलेलं असतं. पण तोवर शाळा सुरू झालेली असते, मुलीचा हिरमोड झालेला असतो आणि तो लांबट बॉक्स माळ्यावर गेलेला असतो.

बावीस-तेवीस वर्षं आकाश बघतोय, अनेकांना दाखवतोय. त्यावरून माझं ठाम मत झालंय की टेलिस्कोप वापरात राहणार की माळ्यावर जाणार हे पहिल्या दोन रात्रींत ठरतं. म्हणून हा लेख त्या रात्रींसाठी आहे. नाताळची सुट्टी आपल्याकडे यासाठी फार सोयीची. पावसाळा संपून दोन महिने झालेले असतात, हवा कोरडी असते, सूर्य सहा-सव्वासहालाच मावळतो आणि सव्वासात-साडेसातपर्यंत पूर्ण अंधार पडतो. लहान मुलांना जागवायची गरजच नाही, जेवणाआधी तासभर आकाश बघून होतं.

घेण्याआधी

दुकानात किंवा ऑनलाइन पाहताना बॉक्सवर '५२५ पट' असा आकडा ठळक छापलेला दिसेल. तो कुठून आला ते समजून घ्या. टेलिस्कोप किती पट मोठं दाखवतो हे काढायला नळीचं नाभीय अंतर (भिंगापासून उजेड एका बिंदूत जुळतो तिथपर्यंतचं अंतर) आयपीसच्या मिलिमीटरमधल्या आकड्याने भागायचं. ७० मिलिमीटर भिंगाचा, ७०० मिलिमीटर नाभीय अंतराचा साधा टेलिस्कोप घ्या. २५ चा आयपीस लावला तर २८ पट, १० चा लावला तर ७० पट. आता ४ चा आयपीस लावून त्यावर तिप्पट करणारी बार्लो, म्हणजे पटी वाढवणारं जादा भिंग, चढवली की ७०० भागिले ४ गुणिले ३, बरोबर ५२५. गणित खरं आहे, पण ७० मिलिमीटरच्या भिंगाला इतका उजेड गोळा करताच येत नाही. साधा हिशोब असा की भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये जितका, त्याच्या दुप्पट पटींपर्यंतच चित्र कामाचं राहतं. इथे ती मर्यादा १४०. त्यापुढे दिसतो तो फक्त थरथरणारा, धुरकट ठिपका.

म्हणून पटींचा आकडा सोडा. दोन गोष्टी पाहा: भिंगाचा किंवा आरशाचा व्यास, आणि स्टँड. स्टँडबद्दल मी जरा जास्तच बोलतो, कारण सगळ्यात जास्त निराशा त्यानेच केलेली पाहिली आहे. काडीसारख्या पायांच्या ट्रायपॉडवर बसवलेल्या नळीला बोट लावलं की गुरू पाच-सहा सेकंद नाचत राहतो. फोकस करायला हात लावला की पुन्हा नाचतो. मूल दोन मिनिटांत कंटाळतं आणि आपण म्हणतो, हल्लीच्या मुलांना चिकाटी नाही. चूक स्टँडची असते. दुकानात शक्य असेल तर टेलिस्कोप उभा करून नळीवर हळूच टिचकी मारा आणि किती वेळ हलतो ते पाहा. दोन सेकंदांत थांबला तर घ्या.

घरात जागा आणि ऐपत असेल तर माझी पहिली पसंती सहा इंची डॉब्सोनियन. न्यूटनच्या पद्धतीचा आरशाचा टेलिस्कोप आणि खाली लाकडी खोका, ट्रायपॉड नाहीच. नळी हाताने ढकलायची, सोडली की तिथेच थांबते. ही रचना जॉन डॉब्सन यांनी लोकप्रिय केली. सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात ते वीसहून अधिक वर्षं संन्यासी म्हणून राहिले, तिथेच टाकाऊ काचा घासून आरसे बनवायला लागले आणि १९६८ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी फुटपाथवर टेलिस्कोप लावून येणाऱ्या-जाणाऱ्यांना आकाश दाखवायची चळवळ सुरू केली. रस्त्यावरच्या माणसाला दाखवण्यासाठी बनलेलं यंत्र आहे हे, म्हणूनच नवख्याच्या हातात इतकं चांगलं बसतं.

आणि बजेट कमी असेल तर? मग टेलिस्कोप घेऊच नका, १०×५० चा, म्हणजे दहा पट मोठं दाखवणारा आणि ५० मिलिमीटर भिंगांचा, चांगला बायनॉक्युलर घ्या. हे मी मनापासून सांगतो. स्वस्त टेलिस्कोपपेक्षा बरा बायनॉक्युलर दहा पट जास्त वापरला जातो. दोन्ही डोळ्यांनी बघायचं असतं, चित्र उलटं दिसत नाही, गाडीच्या डिकीत राहतो, आणि नांदूरमधमेश्वरला पक्षी बघायलाही चालतो. लहान मुलांच्या हाताला १०×५० जड पडतो, त्यांना ७×३५ किंवा ८×४० द्या.

एक सूचना मात्र जिवाची आहे. काही बॉक्समध्ये आयपीसला स्क्रूने बसणारी छोटी काळी काच येते, त्यावर सूर्य असं लिहिलेलं असतं. ती लगेच काढून फेकून द्या, घरात ठेवूही नका. भिंगाने एकवटलेल्या उन्हाने ती काच तडकते आणि ते ऊन थेट बुबुळात शिरतं. सूर्य बघायचाच असेल तर नळीच्या पुढच्या तोंडावर बसणारा खास फिल्टर लागतो, तोही जाणत्या माणसासोबतच. २६ डिसेंबर २०१९ ला, नाताळच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी, सूर्यग्रहण झालं होतं. केरळ-तमिळनाडूत कंकणाकृती, आपल्याकडे खंडग्रास. त्या सकाळी आमच्या सोसायटीत मी फक्त ग्रहणाचे चष्मे वाटले, टेलिस्कोप बाहेर काढला नाही. तीस मुलांवर एकट्याने लक्ष ठेवता येत नाही.

बॉक्स दिवसा उघडा

नाताळच्या रात्री बॉक्स उघडून अंधारातच स्क्रू शोधत बसू नका. सकाळी किंवा दुपारी उघडा, जोडणी मुलांकडून करून घ्या, आणि मग सर्वांत महत्त्वाचं काम करा: फाइंडर जुळवा.

फाइंडर म्हणजे मुख्य नळीवर बसवलेली छोटी नळी किंवा लाल ठिपक्याचं यंत्र. टेलिस्कोपला आकाशाचा इतका लहान तुकडा दिसतो की फाइंडरशिवाय चंद्रसुद्धा सापडत नाही. गच्चीवर जा आणि लांबची एखादी ठळक वस्तू निवडा. इंदिरानगर-पाथर्डी फाट्याकडे राहत असाल तर पांडवलेण्यांच्या डोंगराचा माथा, पंचवटी-म्हसरूळकडे असाल तर चामर लेणीचा डोंगर, नाहीतर किलोमीटरभर दूरचा मोबाइल टॉवर. सूर्याच्या दिशेची वस्तू मात्र घ्यायची नाही. २५ चा आयपीस लावून टॉवरचं टोक बरोबर मध्ये आणा. आता नळी न हलवता फाइंडरचे छोटे स्क्रू फिरवत तेच टोक फाइंडरच्या मध्यावर आणा. पुन्हा आयपीसमधून बघा, सरकलं असेल तर पुन्हा. दहा मिनिटांचं काम आहे. हे केलं की रात्रीचं अर्धं यश खिशात आलं.

चित्र उलटं दिसेल. टेलिस्कोप बिघडलेला नाही, आकाशासाठीचे टेलिस्कोप असेच असतात.

भिंतीवरचं कॅलेंडर बघा

मोबाइलवर आकाशाचा नकाशा दाखवणारं स्टेलॅरियम मोफत मिळतं, ते जरूर घ्या. पण चंद्र कधी असेल हे कळायला आपल्या भिंतीवरचं तिथी छापलेलं कॅलेंडर पुरतं. शुक्ल पक्षात पंचमी ते दशमी असेल तर संध्याकाळी चंद्र आयताच वर असतो, आणि पहिल्या रात्रीसाठी याहून चांगलं लक्ष्य नाही. वद्य पक्षात संकष्टीच्या चौकटीत चंद्रोदयाची वेळ छापलेली असते. ती धरायची आणि पुढच्या प्रत्येक दिवसाला साधारण पन्नास मिनिटं वाढवायची. म्हणजे संकष्टीनंतर चार दिवसांनी चंद्र मध्यरात्रीनंतरच उगवणार, तोपर्यंत आकाश काळंभोर तुमचं. मी अजूनही सहली अशाच ठरवतो.

उदाहरण घ्यायचं तर २०२६ मध्ये २४ डिसेंबरला सकाळी पौर्णिमा संपते. त्यामुळे नाताळच्या रात्री चंद्राचा झगझगाट असेल, अंधाऱ्या जागी जाण्यात अर्थ नाही. त्या वर्षी सुट्टीचा पहिला भाग गच्चीवर ग्रह बघण्यात घालवावा आणि लांबची सहल ३० डिसेंबरनंतर ठेवावी.

पौर्णिमेचा चंद्र टेलिस्कोपमधून सगळ्यात सुंदर दिसत असेल असं वाटतं, तसं नसतं. ऊन डोक्यावरून पडलं की डोंगराला सावली राहत नाही, तसाच तो सपाट दिसतो. अष्टमीच्या आसपास उजेड आणि अंधार जिथे भेटतात त्या रेघेवर बघा. तिथे प्रत्येक विवराच्या कडेची सावली आत पडलेली असते.

पहिली रात्र: गच्ची

टेलिस्कोप वापरायच्या अर्धा-पाऊण तास आधी गच्चीवर नेऊन ठेवा. आरसा आणि नळीतली हवा बाहेरच्या थंडीला येईपर्यंत चित्र उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखं हलतं. गच्चीवरचा दिवा बंद करा, शेजाऱ्यांना प्रेमाने विनंती करा. टॉर्चवर लाल जिलेटीन कागद लावा. दिवाळीतल्या आकाशकंदिलाचा उरलेला तुकडा त्यासाठी उत्तम, दुहेरी घडी करून रबराने बांधायचा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलचा एक पांढरा झोत ती सगळी घालवतो. लाल उजेडाने तसं होत नाही.

पहिल्या रात्री फक्त तीन गोष्टी बघा. जास्त नको. चंद्र असेल तर चंद्र, मग एखादा ग्रह, मग कृत्तिका हा ताऱ्यांचा झुबका (तो कसा शोधायचा ते पुढे दुसऱ्या रात्रीत सांगितलंय).

ग्रहांचं म्हणाल तर पुढची काही वर्षं आपण नशीबवान आहोत. २०३० पर्यंत दर नाताळात शनी संध्याकाळी आकाशात असणार आहे. २०२६ मध्ये तर अंधार पडताच तो दक्षिणेला चांगला उंच असतो. २८ पटींत लांबट ठिपका आणि ७० पटींत कडी वेगळी ओळखू येते. मार्च २०२५ मध्ये ती कडी पृथ्वीवरून अगदी कडेने दिसत होती, म्हणजे जवळजवळ नाहीशीच. त्यानंतर ती हळूहळू उघडत चालली आहेत, त्यामुळे दर वर्षी तोच टेलिस्कोप थोडा अधिक देखणा शनी दाखवेल. वहीत दर नाताळाला त्याचं चित्र काढा, चार वर्षांनी ती पानं शेजारी ठेवून बघा.

गुरू साधारण बारा वर्षांत आकाशाची फेरी करतो, त्यामुळे दर वर्षी एकेक रास पुढे जातो आणि दर डिसेंबरात दोन-अडीच तास उशिरा उगवतो. २०२६ च्या नाताळात तो रात्री दहाच्या सुमारास येईल, २०२७ मध्ये मध्यरात्रीच्या आसपास. दिसला की त्याच्या शेजारचे चार चंद्र मोजा. गॅलिलिओने ते जानेवारी १६१० मध्ये पाहिले तेव्हा त्याच्या हातातला टेलिस्कोप तुमच्या साध्या ७० मिलिमीटरच्या टेलिस्कोपपेक्षा कमी प्रतीचा होता. दुसऱ्या रात्री पुन्हा बघा, चंद्रांनी जागा बदललेल्या असतील. मुलांना हे कुणी न सांगता स्वतः कळलं की त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

ग्रह नजरेतून सरकत जाईल. ७० पटींत तो दोन-तीन मिनिटांत एका कडेकडून दुसऱ्या कडेला जातो. पृथ्वी फिरतेय, ते इथे डोळ्यांनी दिसतं. म्हणून बघणाऱ्याने जागा सोडण्याआधी ग्रह पुन्हा मध्ये आणून ठेवायचा, मागे रांगेत उभ्या असलेल्यासाठी. हा आमच्यातला शिरस्ता आहे, पहिल्याच दिवसापासून मुलांना लावा.

लहान मुलं दोन्ही हातांनी नळी धरतात. त्यांना रागवू नका. एक स्टूल द्या, हात मागे बांधायला सांगा आणि "मला सांग काय दिसतंय" एवढंच म्हणा. आजी-आजोबांना खुर्ची द्या, चष्मा काढून बघू द्या, फोकस त्यांनाच फिरवू द्या. ज्याच्या हाताने फोकस जुळतो त्याचा तो ग्रह होतो.

दुसरी रात्र: मृगापाशी थांबा

आठ वाजता पूर्वेकडे तोंड करून उभे राहा. मृग नक्षत्र उगवून वर आलेलं असतं. चार कोपऱ्यांचे चार तारे, मधोमध एका रेषेत तीन. आपल्या आजी-पणज्यांना हा पोटात बाण घुसलेला हरीण दिसायचा, आणि बाण मारणारा व्याध त्याच्या मागोमाग, साडेसातच्या सुमारास क्षितिजावर येणारा, आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. बाणाची रेघ उलट दिशेने वर नेली की रोहिणीचा तांबूस तारा, आणखी पुढे गेलं की कृत्तिकांचा झुबका. ही एक रेघ ओळखता आली की हिवाळ्याचं आकाश आपलं झालं.

साडेनऊपर्यंत मृग अर्ध्याहून अधिक उंच चढतो. आता बाणाच्या तीन ताऱ्यांच्या जरा दक्षिणेला एक अंधुक उभी ओळ दिसते, तिच्या मधल्या ठिपक्यावर टेलिस्कोप न्या. २५ चा आयपीस ठेवा. डोक्यावर शाल ओढून घ्या, म्हणजे बाजूचा उजेड येत नाही आणि कानही गरम राहतात.

इथे घाई करू नका. पहिल्या क्षणी राखाडी डाग दिसेल, कुणी काचेवर फुंकर मारल्यासारखा. श्वास आयपीसवर सोडू नका, खरोखरच काच धुरकट होते. मिनिटभर बघत राहा. मग नजर किंचित बाजूला न्या, डागाकडे थेट न बघता त्याच्या कडेला बघा. डोळ्याचा कडेचा भाग अंधुक उजेडाला जास्त तीक्ष्ण असतो. डाग पसरायला लागतो, त्याला पंख फुटल्यासारखे दोन बाजूंना फाटे दिसतात. आणि अगदी मध्ये खसखशीचे चार दाणे एकमेकांना चिकटून ठेवावेत तसे चार तारे. हा मृगातला तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा ढग. साधारण १,३०० प्रकाशवर्षं दूर, आणि तिथे आत्ताही तारे जन्माला येताहेत. मी हे किती वेळा पाहिलं असेल ते मोजलेलं नाही. दर डिसेंबरात पहिल्यांदा दिसतो तेव्हा आजही मी बोलायचा थांबतो.

त्याच रात्री बायनॉक्युलर असेल तर उत्तरेकडे, उंचावर, देवयानी दीर्घिका (अँड्रोमिडा, आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह) शोधा. शहरातून फिकट ढगाचा तुकडा दिसतो, पण त्या तुकड्यातून आलेला उजेड २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे.

ध्रुवताराही दाखवून ठेवा. नाशिकचं अक्षांश २० अंश, म्हणून ध्रुव क्षितिजापासून २० अंशांवरच असतो. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण १० अंश झाकते. उत्तरेच्या क्षितिजावर दोन मुठी, तिथे ध्रुव.

अंधाराच्या शोधात

गच्चीवर दोन-तीन रात्री झाल्या की शहराबाहेर एक रात्र ठरवा. नाशिकला हा लाभ आहे की तासा-दीड तासात अंधार सापडतो. हरसूल-पेठची बाजू, सुरगाणा, वैतरणा धरणाचा परिसर, जरा लांब जायची तयारी असेल तर भंडारदरा. जागा निवडताना एक गोष्ट लोक विसरतात. त्र्यंबक रस्त्याने पश्चिमेला गेलात तर नाशिकचा उजेड तुमच्या पूर्वेला येतो, आणि डिसेंबरात सगळं सुंदर पूर्वेकडूनच उगवतं. मग काय करायचं? आणखी लांब जायचं, नाहीतर दहानंतरचा कार्यक्रम ठेवायचा. तोवर मृग उजेडाच्या वर चढलेला असतो. गंगापूर धरणाच्या बाजूला नाताळ ते एकतीस डिसेंबर गाड्यांची रीघ असते, तिकडे या आठवड्यात नकोच.

आधी दिवसा जागा बघून या. शेतमालकाला भेटा, परवानगी घ्या, चहाला या म्हणून त्यालाही बोलवा. बहुतेक वेळा घरची सगळी मंडळी येतात आणि रात्र रंगते. वनखात्याच्या हद्दीत रात्री शिरू नका. ऊस असलेल्या भागात, विशेषतः निफाड, दिंडोरी, सिन्नरकडे, बिबट्याचा वावर आहे. घाबरवण्यासाठी सांगत नाही, पण नियम पाळाच: चार-पाच जण तरी हवेत, उसाच्या बांधालगत बसायचं नाही, गाडी जवळ, मुलं मधोमध, लघुशंकेलाही एकट्याने जायचं नाही.

थंडीला कमी लेखू नका. निफाडचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, आणि टेलिस्कोपपाशी माणूस एका जागी उभा असतो. कानटोपी, दोन जोड मोजे, पायाखाली सतरंजी किंवा जुनं पोतं. पाय जमिनीतून गार पडतात, म्हणून पोतं सर्वांत महत्त्वाचं. थर्मासमध्ये चहा, डब्यात शंकरपाळे. पहाटेपर्यंत थांबायचा विचार असेल तर द्राक्षबागांपासून लांब राहा. पारा घसरला की बागाईतदार पहाटे बागेत शेकोट्या करून धूर करतात, त्यांचं पीक त्यावर असतं, आणि तो धूर जमिनीलगत पसरून राहतो.

दव पडतं. नळीच्या तोंडाला जुन्या योगा मॅटचा तुकडा गुंडाळून वीतभर पुढे काढा, भिंग तासभर जास्त कोरडं राहतं.

अंधाऱ्या जागी गेलात तर अगस्त्य बघितल्याशिवाय परतू नका. दहाच्या सुमारास आग्नेयेला, व्याधाच्या खाली बराच दक्षिणेकडे तो वर येतो आणि पाऊण वाजता दक्षिणेला सर्वांत उंच, म्हणजे जेमतेम सतरा अंशांवर, असतो. पावणेदोन मुठी. आकाशातला दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा, पण लंडनच्या माणसाला तो कधीच दिसत नाही. आपल्याला दिसतो.

शरणपूरच्या अंगणात

२५ डिसेंबर २०२१ ची संध्याकाळ सांगतो. शरणपूरला आमच्या एका ख्रिस्ती स्नेह्यांकडे दर नाताळात फराळाला जाणं असतं. करंज्या, शंकरपाळे, केक, आणि दारात मोठी कागदी चांदणी. त्या दिवशी पाच वाजून पन्नास मिनिटांनी फ्रेंच गयानातल्या कूरूहून जेम्स वेब अवकाश दुर्बीण निघाली. साडेसहा मीटरचा, अठरा षटकोनी तुकड्यांचा आरसा घडी घालून रॉकेटच्या टोकात ठेवलेला. अंगणात सहा-सात जण एका मोबाइलभोवती उभे होतो. रॉकेटपासून सुटलेली दुर्बीण उन्हात चमकताना दिसली तेव्हा स्नेह्यांच्या आईंनी हात जोडले.

मग मी गाडीतून टेलिस्कोप काढला. नैर्ऋत्येला शुक्र, शनी आणि गुरू एका तिरक्या ओळीत होते. अंगणातली ट्यूब बंद केली, चांदणी तशीच राहू दिली. पहिल्यांदा शुक्र लावला, कारण तो लवकर मावळणार होता. त्यांची नात स्टुलावर चढली, बघितलं आणि म्हणाली, "आजोबा, हा तर चंद्र आहे." खरोखरच कोर दिसत होती, नखाएवढी बारीक. चंद्र तर अजून उगवलाच नव्हता. शुक्रालाही चंद्रासारख्या कला असतात हे तिला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं, मीही आधी सांगितलं नाही. तिने मान वर करून आकाशात चंद्र शोधला, सापडला नाही, पुन्हा आयपीसला डोळा लावला. त्या मुलीकडे आज स्वतःचा बायनॉक्युलर आहे.

तुम्हीही एक संध्याकाळ टेलिस्कोप घराबाहेर न्या. सोसायटीचं पार्किंग, आजोळचं अंगण, मित्राचं घर. पूर्वेच्या ज्ञानी लोकांनी तारा बघून बेथलेहेमची वाट धरली, सोनं, ऊद आणि गंधरस नेले, ही कथा नाताळात घरोघरी सांगितली जाते. त्या रात्री लोक आपसूकच वर बघतात. २१ डिसेंबर २०२० ला गुरू आणि शनी एकमेकांच्या इतके जवळ आले होते की टेलिस्कोपच्या एकाच चित्रात दोघं मावत होते. इतकी जवळीक पुन्हा मार्च २०८० मध्ये. २०२० मध्येही लोक त्या जोडीला नाताळचा ताराच म्हणाले.

छंद आधीच असलेल्याला काय द्यावं

त्याला न विचारता टेलिस्कोप किंवा आयपीस घेऊ नका, ते प्रत्येकाचं आपलं ठरलेलं असतं. लाल दिव्याची हेडलँप, उंची बदलता येणारं स्टूल, चांगला थर्मास, बोटं उघडी राहणारे हातमोजे, आयपीस ठेवायला फोम लावलेली पेटी, यातलं काहीही चालेल. नवख्या मुलाला फिरता तारानकाशा द्या, बॅटरी लागत नाही आणि आकाश कसं फिरतं हे हातात कळतं. त्र्यंबक नाक्याजवळच्या यशवंतराव चव्हाण तारांगणाची एक फेरी हीसुद्धा छान भेट आहे, वेळा आधी विचारून जा. आणि पुणे-नाशिक रस्त्याने जाणं झालं तर नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. प्रा. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली ती रेडिओ दुर्बीण लांबून जरी मुलांना दिसली तरी दुर्बीण म्हणजे फक्त नळी नव्हे हे त्यांना कळतं.

वही आणि झाकण

एक साधी दोनशे पानी वही ठेवा. तारीख, वेळ, जागा, काय बघितलं, कसं दिसलं. चित्र वेडंवाकडं चालेल. नाताळच्या रात्रीच्या नोंदीला आमच्या छंदात मोठा मान आहे. आज हॅलीचा म्हणून ओळखला जाणारा धूमकेतू १७५८ च्या सुमारास परत येईल, असं एडमंड हॅली यांनी सांगून ठेवलं होतं. ते स्वतः १७४२ मध्येच गेले. मोठमोठ्या वेधशाळा त्याची वाट बघत होत्या. २५ डिसेंबर १७५८ च्या रात्री तो सर्वांत आधी दिसला जर्मनीत ड्रेस्डेनजवळच्या एका शेतकऱ्याला. योहान पालिच त्याचं नाव, खगोलशास्त्र स्वतःच शिकलेला. पॅरिसमध्ये शार्ल मेसिए यांना तो सापडला २१ जानेवारीला, जवळपास महिन्यानंतर.

रात्री परत आलात की भिंगावर दव असेल. रुमालाने पुसू नका, चरे पडतात. लगेच झाकणही लावू नका, ओल आत कोंडली की आपल्याकडच्या हवेत बुरशी धरते. टेलिस्कोप खोलीत तोंड खाली झुकवून तसाच ठेवा. सकाळी चहा होईपर्यंत काच कोरडी झालेली असते. मग झाकण लावा, आणि बॉक्समध्ये न भरता दाराच्या मागे उभा करून ठेवा, म्हणजे संध्याकाळी उचलून गच्चीवर न्यायला दोन मिनिटं लागतील.